दूध नासवणाऱ्या अक्का

अक्का सकाळी दूध नासवायच्या, आणि तेव्हा पुढचं दार सताड उघडं ठेवायच्या.

आमच्या गल्लीत दूध नासणं ही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती. कोणाच्या शेगडीवर दूध फाटलंच, तर घरातली बाई ते पदराखाली झाकून मागच्या दारानं न्यायची, परसातल्या नारळाच्या बुंध्याशी ओतायची आणि भांडं घासून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही. दूध उतू जाणं शुभ. नव्या घरात शिरताना ते मुद्दाम उतू घालवतात. पण नासलं, की घरावर काहीतरी येणार. अशा गल्लीत, तंजावरच्या मराठे राजांच्या काळापासून तिकडे वसलेल्या जुन्या मराठी घराण्यातली एक विधवा बाई मोठं पातेलंभर गाईचं ताजं दूध रोज स्वतःच्या हातानं नासवत होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून दार लावत नव्हती.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. कुंभकोणम्‌च्या बाहेर एका कॉलेजात गणित शिकवायला आलो होतो. बायको, मुलगी आणि म्हातारी आई साताऱ्यात. या गोष्टीचं मला इतकं वाईट वाटायचं की समोर ताट आलं तरी पहिला घास घेताना मी कोणाची तरी मनातल्या मनात माफी मागत असे. अक्कांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं. रोज संध्याकाळी विचारायच्या, आईला फोन केलास का? केला म्हटलं, की म्हणायच्या, मग तोंड असें काय म्हणोन केलें आहेस?

खोली देताना मात्र त्यांनी नोकरी, जात, गोत्र काही विचारलं नाही. एकच प्रश्न.

"दूध नासलें तर तुज भय वाटतें काय रे?"

मी म्हटलं, आमच्याकडे नासलं तर आई त्यात साखर घालते, आणि आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो. अक्कांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग किल्ली दिली.

त्यांची मराठी माझ्या पणजीच्याही आधीची होती. मला ती पोथीतून उतरल्यासारखी वाटायची, आणि त्यांना माझी घाईत शिवलेल्या कपड्यासारखी. पण दारात दूधवाला उभा राहिला की त्याच तोंडातून तमिळ अशी सुटायची की दोन वाक्यांमध्ये मला श्वास घ्यायलाही जागा सापडायची नाही. उंच, हाडापेरानं मोठ्या, पाठ कायम ताठ. मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पेपर उभ्यानं वाचायच्या. केसांत अबोलीचा गजरा माळायच्या, नवरा जाऊन कित्येक वर्षं झालेली असूनही, आणि देवळात पुढच्या रांगेत उभ्या राहायच्या. कोणी तक्रार घेऊन आलं तर मध्ये एकदाही न बोलता सगळी ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बरें. मग?" या दोन शब्दांपुढे टिकलेला माणूस मी पाहिला नाही. तक्रार करणारा आपलंच बोलणं मनात पुन्हा तपासायला लागायचा.

त्या दुधाचं त्या जे करायच्या, त्याला त्यांनी फेणलोणी असं नाव दिलं होतं. हल्ली सगळे ज्याला चीज स्प्रेड म्हणतात त्यातलाच प्रकार; पण डब्यातल्या त्या चिकट गोळ्याशी त्याची तुलना केली तर अक्का जेवू घालत नसत. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या असताना शेजारच्या बाईनं पाव भाजून त्यावर असलं काहीतरी दिलं होतं. चव फिकी, पण हलकेपणा अक्कांच्या लक्षात राहिला. तिथून येऊन त्यांनी ते आपल्या गावच्या जिभेचं केलं. दूध त्याआधीही नासवत होत्या असं गल्लीतले लोक सांगत. का, ते मला बरंच नंतर कळलं.

त्यांचं काम बघत बसणं हा माझा रविवार होता. दूध तापवून खाली उतरवायच्या, त्याची उकळी बसू द्यायच्या, आणि मग आंबट ताकाची बारीक धार सोडायच्या. लिंबू नाही, लिंबानं दूध दचकतं आणि रबर होतं, असं त्यांचं म्हणणं. हिरवट पाणी सुटलं की हात थांबायचा. जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यात ओतून एकदा पिळायच्या आणि टांगायच्या, पण पार कोरडं करायच्या नाहीत. ओल राहिली पाहिजे. मग परातीत तळहाताच्या टाचेनं मळायच्या, एकही कण बोटाला लागेनासा होईपर्यंत. शेवटी थंड साय घालून रवीनं फेटायच्या. मिक्सर त्यांना मान्य नव्हता. मिक्सर गरम होतो, आणि गरम झालं की सायीचं लोणी होऊन सगळं जड होतं. त्यात मीठ, ठेचलेली हिरवी मिरी, तळून चुरलेला कढीपत्ता, आणि नार्तंगै, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेलं ईडलिंबू, अगदी बारीक चिरून. झालं की चमचाभर माझ्या मनगटावर ठेवायच्या आणि डोळे मिटायला लावायच्या.

"भार लागतो?"

लागतो म्हटलं की पुन्हा रवी. नाही म्हटलं की रुपयाएवढ्या कुरकुरीत तट्टैवर, म्हणजे तांदळाच्या तळलेल्या चपट्या पुरीवर, एकेक ठिपका, आणि डबे भरायला सुरुवात. गावातल्या छोट्या समारंभांना, जेवणाआधी हातात काहीतरी द्यायला, तिथून मागणी यायची. मागणारे बहुतेक तरुण. खाणारे सगळे.

पहिला विरोध दूधवाल्यानं केला. मुरुगेसन साक्कोट्टैहून यायचा. आपलं दूध रोज मुद्दाम नासवलं जातं हे कळल्यावर त्यानं दूध बंद केलं. गाईला लागेल, म्हणाला. कास सुकेल. अक्का बसनं साक्कोट्टैला गेल्या, सोबत मला घेतलं आणि नासलेल्या दुधाच्या निवळीची बादली माझ्या हातात दिली. बसमध्ये ती माझ्या पॅंटवर सांडत होती, आणि मी शेजारच्या प्रवाशाची क्षमा मागत होतो. गोठ्यात जाऊन अक्का मुरुगेसनशी काही बोलल्याच नाहीत. निवळीत कोंडा कालवला, बादली गाईपुढे ठेवली आणि गाईलाच तमिळमध्ये विचारलं, बाई, तुझी काही हरकत आहे का? गाईनं बादली चाटून पुसून उलटी केली. मुरुगेसन बराच वेळ गाईकडे बघत राहिला, जणू तिनं त्याला दगा दिला होता. दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू झालं, आणि जाताना निवळीची बादली तो स्वतःच मागून नेऊ लागला.

लग्नाच्या जेवणाचं कंत्राट घेणारा एक माणूस एकदा आला होता. त्याला माल हवा होता, पण टेबलावरच्या पाटीवर इटालियन काहीतरी लिहायचं होतं. अक्का म्हणाल्या, नासलेल्या दुधाचें असें लिही, मग ने. त्यानं हात जोडले. लोक खाणार नाहीत, म्हणाला. "बरें. मग?" तो रिकाम्या हातानं गेला. अक्कांनी त्या दिवशीचा माल गल्लीतल्या पोरींना वाटून टाकला.

घर मुळात एक होतं, मधल्या भिंतीनं उभं दोन केलेलं. रस्त्यावर दोन दारं आणि भिंतीत एक मधलं दार. पलीकडे अक्कांचे धाकटे दीर सुंदरराव आणि त्यांची बायको कावेरीबाई राहत. सुंदरराव वाईट माणूस नव्हते हे मला सांगितलंच पाहिजे. संध्याकाळी ओट्यावर बसून गळ्यातल्या गळ्यात छान गात. पण भित्रे होते, आणि भित्र्या माणसाची भीती घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वागवावी लागते. कावेरीबाई ती वागवत. मान खाली घालून चालत. त्यांचा आवाज कसा आहे हे मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं.

त्यांची मुलगी मीनाक्षी हिचं तिरुविडैमरुदूरच्या एका मराठी घरात जमलं. साखरपुडा घरीच करायचा ठरला. मीनाक्षी अक्कांना मोठी आई म्हणायची, आणि तिची एकच मागणी होती: पाहुण्यांना कॉफीबरोबर मोठ्या आईचं फेणलोणी द्यायचं. सुंदररावांनी मला ओट्यावर बोलावून शेजारी बसवलं. वैनींना सांगा, म्हणाले, लग्न होईतों तें दूध नासविणें बंद ठेवा. मुलाकडचे लोक जुन्या वळणाचे आहेत. मग जरा थांबून म्हणाले, कायमचें बंद केलें तरी बरेंच होईल. वय झालें आतां त्यांचें.

हा निरोप पोचवायला मला संध्याकाळ झाली. अक्का परातीत मळत होत्या. मी सांगून टाकलं आणि म्हटलं की हे सांगताना मला फार वाईट वाटतंय.

"वाईट वाटणें तुज फार आवडतें रे मास्तर," त्या म्हणाल्या. हात थांबला नव्हता. "तेवढ्यानें तुझें काम भागतें. बैस."

मी बसलो. मग त्यांनी सांगितलं. नवरा गेला त्या दिवशी सकाळी त्यांच्या हातून दूध नासलं होतं. उन्हाळा होता, दूध आदल्या रात्रीचं होतं. दुपारी तंजावर रस्त्यावर त्याच्या बसला अपघात झाला. तेराव्याला सासूनं सगळ्या आल्यागेल्यासमोर दुधाची गोष्ट काढली. तेव्हापासून घरात काही शुभ असलं की अक्कांनी शेगडीपाशी जायचं नाही, हा नेम झाला. बारशाला नाही, मुंजीला नाही, सणाच्या दिवशी नाही.

"आणि मीं तें मानलें," अक्का म्हणाल्या. "त्याचेंच मज नवल वाटतें. शाळेंत पोरींस शिकवीत असें, आंबट पडलें कीं दूध फाटतें, आणि घरीं येऊन कोणी खोकललें तरी भय वाटे. माझ्याच दुधाचें. मग एके दिवशीं म्हटलें, पाहूं तरी. आपल्या हातें नासविलें. दार उघडून संध्याकाळवेरी बसल्यें. कोणी मेलें नाहीं. दुसरे दिवशीं पुन्हा नासविलें."

परातीतला गोळा त्यांनी उलटला.

"जा, सांग त्यास. मी रोज नासवित्यें आणि रोज पाहत्यें. अवघे जिवंत आहेत. तोही."

मी गेलो आणि सांगितलं, शेवटचा शब्द गाळून. सुंदररावांनी ठरवलं की अक्कांना साखरपुड्याला सगळं उरकल्यावर बोलवायचं, आणि मधलं दार तोवर लावून ठेवायचं.

त्या दिवशी मी खुर्च्या मांडायला पलीकडे होतो. सुंदररावांनी शुभ म्हणून मुरुगेसनचं दूध टाळलं आणि एका देवळाच्या गोठ्यातून घेतलं. कावेरीबाईंनी माळ्यावरचं वाडवडिलांचं पितळी पातेलं काढून चिंचेनं घासलं होतं. सोन्यासारखं दिसत होतं. पाहुणे बैठकीत बसले, मीनाक्षी रेशमी साडी नेसून त्यांच्यासमोर बसली, आत कॉफीसाठी दूध तापायला ठेवलं. आणि ते फाटलं.

स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. कावेरीबाई, सुंदरराव, त्यांची म्हातारी आत्या आणि कपबशा घेऊन उभा असलेला मी.  मग आत्या हळू आवाजात, अगदी सवयीच्या सुरात म्हणाल्या की जिच्या हातून नासलें तिणें आतां बाहेर येऊं नये, पोरीच्या अंगावर छाया पडते. मी सुंदररावांकडे पाहिलं. त्यांनी बायकोकडे न बघता मागच्या दाराकडे बोट केलं. कावेरीबाईंनी पातेलं उचललं, पदर त्यावर ओढला आणि परसाकडे निघाल्या. मुलीचा साखरपुडा बैठकीत चालू होता, आणि ती बाई परसात उभी राहणार होती. पुढच्या प्रत्येक शुभकार्यात तिची जागा कोणती, ते त्या क्षणी ठरत होतं.

मधलं दार दणकन उघडलं. नासलेल्या दुधाचा वास अक्कांइतका ओळखणारं कोण होतं? त्यांनी कावेरीबाईंचा पदर बाजूला केला, पातेल्याच्या काठाखालून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"चिंच," त्या म्हणाल्या. "धुतांना राहिली."

मग पातेलं आपल्या हातात घेतलं आणि परसात नाही, बैठकीत गेल्या. अंगावर घरातलं सुती लुगडं, केसांत अबोली. पाहुण्यांच्या पुढ्यात, सतरंजीच्या मधोमध त्यांनी ते पातेलं उघडंच ठेवलं. मागून कोणीतरी वैनी, वैनी असं कुजबुजत होतं.

"दूध नासलें," अक्का म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "भांड्यास चिंच राहिली, म्हणोन नासलें. माझ्या जावेच्या हातास कांहीं जालें नाहीं. दुसरें दूध मागवित्यें, कॉफीस वेळ लागेल. ज्यास उठून जाणें असेल त्यानें आतांच जावें. मागाहून निरोप पाठवूं नये."

 मुलाची आई पातेल्याकडे बघत होती, जणू त्यात साप होता. मुलाचे एक काका उठले, बाहेर गेले आणि चपला घालू लागले. सुंदरराव दारात उभे होते. मग मुलगाच बोलला. शहरात नोकरी करणारा सरळ पोरगा होता. या दुधाचं आता काय करणार, असं त्यानं विचारलं.

"हें फेकणार," अक्का म्हणाल्या. "पितळ उतरलें आहे यांत, खाण्याचें राहिलें नाहीं. खाण्याचें मीं सकाळींच नासविलें आहे. मास्तर, माझ्या घरून तबक आण."

मी आणलं. ठिपके हलके होते, एकही घसरला नाही. मुलानं पहिला उचलला. मीनाक्षीनं दुसरा. मुलाच्या आईनं हात लावला नाही, आत्यांनी तोंड फिरवलं. बाहेर चपला घालून उभे असलेले काका बायकोची वाट बघत राहिले, कारण काकूंनी दोन संपवून तिसरा घेतला होता. शेवटी ते चपला काढून परत आत येऊन बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. कावेरीबाईंना अक्कांनी मनगट धरून बैठकीत आणलं आणि मुलाच्या आईशेजारी बसवलं. त्या बसल्या. पाठ भिंतीला टेकली नव्हती, पण बसल्या.

लग्न झालं. दोघं चेन्नईत सुखात आहेत. पण सुंदररावांनी मधल्या दाराला आपल्या बाजूनं कुलूप घातलं आणि वैनींशी बोलणं सोडलं. गल्लीत काही दिवस बायका अक्कांच्या दारावरून जाताना चालण्याचा वेग वाढवत. मला रात्री झोप लागेना. निरोप मी नेला नसता तर, त्यांना आधीच शांतपणे समजावलं असतं तर, असलं काहीबाही. एकदा अक्कांना म्हणालो, तुमचं घर माझ्यामुळे तुटलं असं वाटतं. त्या फेटत होत्या. रवी न थांबवता म्हणाल्या, तुजमुळें? तूं एवढा मोठा केव्हां जालास?

मी आता साताऱ्यात असतो. गेल्या थंडीत मीनाक्षीचा फोन आला की मोठी आई पहाटे झोपेतच गेली. रडत होती, आणि मध्येच तिनं सांगितलं की त्या दिवशी मुरुगेसन दूध घेऊन आला तेव्हा दार बंद होतं. म्हणजे अक्का गेल्या त्या दिवशी घरात दूध नासलंच नव्हतं. हे मी लिहून ठेवतो, कारण गल्लीत कोणीतरी वेगळं सांगत असेल.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कुंभकोणम् सोडलं त्या सकाळी. रिक्षा दारात उभी होती, सामान चढवून झालं होतं, आणि नेहमीप्रमाणे मी निरोपाची काही वाक्यं मनात जुळवत होतो. तेवढ्यात पलीकडच्या दारातून कावेरीबाई बाहेर आल्या. हातात स्टीलचं पातेलं, झाकण नाही, पदर नाही. ओट्यावर सुंदरराव पेपर वाचत होते. त्यांच्यासमोरून त्या पायऱ्या उतरल्या, भर उन्हात रस्त्यावरून चार पावलं चालल्या आणि अक्कांच्या पायऱ्या चढल्या. समोरच्या घरातली बाई सडा टाकता टाकता थांबली.

"अक्का," कावेरीबाई म्हणाल्या, "नासलें."

आवाज जाड होता, गाणाऱ्या बाईचा असावा तसा. अक्कांनी पातेल्यात डोकावलं. मला वाटलं त्या ते हातात घेतील. त्यांनी घेतलं नाही. दोरीवरचं फडकं ओढलं, पाण्यात बुडवलं आणि त्याची दोन टोकं जावेच्या हातात दिली. दोन आपण धरली. मी म्हटलं, अक्का, निघतो.

"जा रे," त्या म्हणाल्या. नजर फडक्यावर होती. "आणि गाडींत बसून वाईट वाटून घेऊं नको. समजावण्यास मज आतां वेळ नाहीं."

रिक्षा वळेपर्यंत मी मागे बघत होतो. सुंदररावांनी पेपर तोंडापुढे धरला होता, पण ते पान उलटत नव्हते. उंबऱ्यात दोघी जावा समोरासमोर बसल्या होत्या, फडक्यातून हिरवट पाणी गळत होतं, कावेरीबाईंनी गाठोडं अगदी बोटांच्या टोकांनी धरलं होतं, आणि अक्का त्यांना सांगत होत्या, "असें भिऊन धरूं नको. पीळ."